बोंडअळीचं साल आणि नंदा

दसऱ्याच्या आगेमागे अमरावतीतून कोणत्याही रस्त्याने बाहेर पडा, कपाशीच्या वावरांत काठ्यांना टांगलेल्या प्लास्टिकच्या लांबट पिशव्या दिसतात. वर एक टोपी, टोपीखाली रबराची एवढीशी गोळी. त्या गोळीला मादीचा वास लावलेला असतो. आपल्याला तो येत नाही. बोंडअळीच्या नर पाखराला, म्हणजे पतंगाला, मात्र वाऱ्यावर दुरून येतो, कुणीतरी बोलावतंय असं समजून तो येतो आणि खालच्या पिशवीत पडतो. कामगंध सापळा म्हणतात त्याला. यंदाही ते लागले. यंदाही पाऊस उलटून गेल्यावरचं ते चिकट ऊन पडलं, काळी जमीन भेगा द्यायला लागली आणि काल पिवळसर असलेली कपाशीची फुलं आज गुलाबी झाली.

दरवर्षी या दिवसांत माझं काहीतरी बिनसतं. घरात सगळे म्हणतात, हवा बदलली. मीही तसंच म्हणतो. मुळात माझं बोलणं कमी, आणि कमी बोलणाऱ्या माणसाचा एक फायदा असतो. लोक त्याला गंभीर समजतात, तो काही लपवत असेल असं त्यांच्या मनात येत नाही.

यंदा मात्र वर्गातच सापडलो. कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो. बोंडअळी शिकवताना दरवर्षी सांगतो तेच सांगत होतो, की या सापळ्यांत फक्त नर सापडतात, आणि उरलेले थोडे नरही पुष्कळ माद्यांना पुरतात. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, अन् मादी? ते एकाच नरासंगं राहते का?"

"नाही," मी म्हटलं. "मादीसुद्धा एकापेक्षा जास्त नरांशी समागम करते."

पोरं खाली माना घालून हसली. ती नाही हसली. म्हणाली, "पण काहून, सर? तिची अंडी तं एका नरात फळतात ना?"

"चांगला प्रश्न आहे," मी म्हटलं. मास्तर लोक असं म्हणतात तेव्हा त्यांना वेळ हवा असतो. तास संपला आणि मी सुटलो. खरं तर उत्तर मला येत होतं. ज्या हंगामात ते मी शिकलो, त्याच हंगामात मी माझ्या बहिणीचं आयुष्य एका वाक्यात मिटवून टाकलं होतं.

ते हिरव्या बोंडअळीचं साल. मी अकोल्यात एम.एस्सी. करत होतो. गुलाबी अळीचा बोलबाला नंतरचा, तेव्हा भीती होती ती हिरवीची. कपाशीवर, तुरीवर, मग हरभऱ्याच्या घाट्यांत, जिथे जाल तिथे ती. आम्ही पोरं सकाळी उन्हं यायच्या आत प्रयोगाच्या वावरात जायचो आणि प्रकाश सापळ्याची बादली उघडायचो. दिव्याला भुलून पडलेली पाखरं तिच्यात फडफडत असायची. मातकट रंगाची, अंगावर पिठासारखी पूड असलेली. बोटांना ती पूड लागायची आणि दिवसभर जायची नाही. अजूनही दळणाच्या डब्यात हात घातला की मला क्षणभर अकोल्याची ती सकाळ आठवते. दवाने भिजलेली चप्पल, पलीकडच्या पाटाच्या पाण्याचा वास, आणि वावराच्या कडेला काडीकचऱ्यावर चहा उकळणारा चौकीदार.

माझं काम माद्या वेगळ्या काढून कापण्याचं होतं. मेण ओतलेल्या ताटलीत पाण्याखाली पाखरू पालथं टाचायचं आणि बारीक कात्रीने पोट उघडायचं. आत चरबीचे पांढरे झुबके, अंड्यांच्या माळा, आणि त्यांच्यामध्ये एक पातळ पडद्याची थैली. नर आपलं बीज मोकळं देत नाही, एका इवल्याशा पिशवीत बांधून मादीच्या या थैलीत ठेवतो. पिशवीला लांब मान असते, सुरईसारखी. बीज वापरलं गेलं तरी पिशवीचा वाळका अवशेष आतच राहतो. म्हणजे जितके समागम तितक्या पिशव्या. ताजी असेल ती टपोरी, जुनी चिपाडासारखी. पाखराच्या आयुष्यात काय घडलं ते त्याच्या पोटात वाचता यायचं.

आणि क्वचितच एखादी मादी अशी निघायची की जिच्यात एकच पिशवी आहे.

माझा खोलीतला सोबती गजू, मूर्तिजापूरकडचा, शेजारच्या टेबलावर मातीचे नमुने तपासायचा. रोज मान लांब करून विचारायचा, "काय निघालं बे आज? किती नवरे?"

"गप बस."

"अबे, सांग ना. कालची तं वस्ताद होती."

मी हसायचो. सगळेच हसायचे. आमचे सर मात्र हसत नसत, ते अवघडत. माझं पहिलं प्रकरण वाचून म्हणाले, "निष्कर्ष बरोबर आहे. पण भाषा जरा झाकून लिही. परीक्षक बुजुर्ग आहेत." मी झाकून लिहिलं. झाकून लिहिण्याची ती माझी सुरुवात.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. पुष्कळ काळ शास्त्रज्ञांनाही वाटत होतं, की नर उतावळा आणि मादी संकोची, तिला एक पुरे. हे कुठून आलं? किड्यांकडे पाहून नक्कीच नाही. आपल्या घरातलं ते किड्यांच्या घरात पाहत होते. मग कुणीतरी पोटं उघडून पाहायला लागलं, आणि संकोची मादी कुठे सापडेना.

कारणं एक नाही, पुष्कळ आहेत. पहिल्या नराचं बीज कमी पडू शकतं, किंवा वांझ असू शकतं. सगळी अंडी एकाच भरवशावर सोडणं धोक्याचं. शिवाय ती पिशवी नुसती बीजाची नसते. काही जातींत तिच्यात अन्न असतं. ते मादीच्या अंगी लागतं, अंड्यांत उतरतं, ती जास्त अंडी घालते, कधी जास्त जगते. आणि मग पिल्लांचं. वेगवेगळ्या बापांची पिल्लं वेगवेगळी निघतात. एखादा रोग आला, एखादं औषध फवारलं, तर सगळीच मरत नाहीत. मधमाशीची राणी तर आकाशात उडून एकामागून एक नरांशी जुळते, आणि तिच्या पोळ्यात निरनिराळ्या बापांच्या लेकी एकत्र राबतात. पोळं तापलं की काही जणी लवकर पंख हलवायला लागतात, काही उशिरा. सगळ्या एकदम उठल्या आणि एकदम थांबल्या असत्या तर पोळं कधी उकळलं असतं, कधी गारठलं असतं. त्या निरनिराळ्या आहेत म्हणून आत ऊब सारखी राहते.

आणखी एक कारण आहे, ते पोरांना सांगताना मी आवाज खाली आणतो. काही जातींत नर इतका पिच्छा पुरवतात, की झटापट करत बसण्यापेक्षा हो म्हणणं मादीला स्वस्त पडतं. सगळंच काही निवडीचं नसतं.

नरही स्वस्थ बसत नाही. टाचणीसारखे दिसणारे ते सडपातळ चतुर असतात ना, त्यांचा नर आधीच्या नराचं बीज खरवडून काढतो आणि मगच आपलं ठेवतो. पाखरांत नराच्या बीजासोबत असं काही जातं, की मादीची बोलावण्याची इच्छाच काही काळ विझते. आणि काही फुलपाखरांचे नर काम आटोपलं की मादीच्या द्वारावर बाटलीच्या बुचासारखी एक कडक डाट बसवून जातात. आपल्यामागून कुणी येऊ नये म्हणून. नर निघून जातो, मरूनही जातो. डाट तशीच.

हे सगळं मला चोविसाव्या वर्षी पाठ होतं. शनिवारी अकोल्याहून बस धरून मी बार्शीटाकळीला घरी जायचो, तेव्हाही पाठ होतं.

घरी नंदा आलेली होती. सुनंदा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिचं लग्न होऊन वर्षही नीट झालं नव्हतं. नवऱ्याला कावीळ झाली, आधी झाडपाला झाला, मग दवाखाना झाला, आणि तो गेला. सासरच्यांनी दिवस उरकले आणि तिला आणून सोडलं. ती घरात वावरायची ती पाहुण्यासारखी, भिंतीच्या कडेकडेने. पूर्वी मी आलो की "भाऊ, माझ्यासाठी काय आनलं?" म्हणून पिशवीत हात घालणारी पोरगी आता पिशवीकडे बघायचीसुद्धा नाही.

त्या हंगामात कपाशी चांगली होती. अळीने खाऊनही चांगली. वेचणी सुरू करताना वावरात सीता दहीची पूजा असते, ती करून आईने पहिला कापूस घरी आणला. नंदाला त्या पूजेला बोलावलं नाही. ती ओट्यावर बसून तूर निवडत राहिली. मी ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. दुसरीकडे बघण्यात मी चांगला होतो.

मग पातूरकडून एक स्थळ आलं. स्थळ म्हणजे तो स्वतःच आला. वसंता नाव, आमच्याच समाजातला. बायको बाळंतपणात गेलेली, घरी म्हातारी आई, विहिरीवर भाजीपाला. सोबत मामा. दोघं खाटेवर बसले, पाणी प्यायले. मामाने विषय काढला, "पोरीचं वय काही नाही, पाटील. आपल्यात पाट लागत आला हाये. आमाले देणंघेणं नको."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्याकडे ते चालत आलेलं. त्यात वाजंत्री नसायची, दिवसा नसायचं, पण लाजही नसायची. बाईचा पाट लागायचा आणि ती दुसऱ्या घरी संसाराला लागायची. खुद्द माझ्या बाबांची आई पाटाची होती. पहिला नवरा पटकीत गेल्यावर ती माझ्या आजोबांच्या घरी आली, आणि मग बाबा झाले. म्हणजे पाट नसता तर बाबा नव्हते, मी नव्हतो. पण घरात दोन पोरं शिकली, काका तलाठी झाला, तशी ही गोष्ट बोलायची बंद झाली. देशात इतरत्र कधीकाळी शिकलेली माणसं विधवांची लग्नं लावायला निघाली होती म्हणे. आम्ही शिकलो आणि ती लावायची बंद केली. आम्हाला ती सुधारणा वाटली.

बाबा मामाला म्हणाले, "पोरगा शिकलेला हाये. थो म्हनन तसं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आई दाराआडून. वसंताही. आणि मी म्हणालो, "आता आपल्यात पाट लावत नाहीत. आणि तिचीही इच्छा नाही."

पहिलं वाक्य खोटेपणाचं होतं, दुसरं तर निव्वळ खोटं. नंदाला कुणी विचारलंच नव्हतं. ती तेव्हा मागे गोठ्याजवळ होती.

वसंताने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "एकडाव ताईलेच विचारून पाहाता का? थे नाही म्हनली तं मी उठतो."

"त्याची गरज नाही," मी म्हटलं.

ते गेले. रात्रीच्या जेवणात नंदाने कुणाकडे न बघता विचारलं, "कोन आलते?" तिला कळलं असणारच, गावात अशी गोष्ट लपत नाही. आईने बाबांच्या ताटात भाकरी वाढली. मी म्हणालो, "पातूरचे होते. पण त्यांनीच नंतर नाही म्हटलं."

तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि पुढे जेवत राहिली.

असं का केलं, याचं कारण मी पुष्कळ वर्षं स्वतःलाही धड सांगितलं नाही. आता सांगतो. त्या दिवसांत अमरावतीच्या एका घरातून माझं जमत होतं. शिकलेलं घर, मुलीचे वडील हेडमास्तर. मुलाची बहीण पाटाने दिलेली, हे त्यांच्या कानावर जावं असं मला वाटत नव्हतं. एवढंच. यापेक्षा मोठं, यापेक्षा खोल कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

पुढच्या सोमवारी मी अकोल्याला परत गेलो, ताटलीत पाखरू टाचलं आणि पिशव्या मोजल्या. हात थरथरला वगैरे नाही. काम नेहमीसारखं झालं. हीच गोष्ट मला आता जास्त टोचते.

नंदा घरी राहिली. आई-बाबा गेले तेव्हा त्यांचं सगळं तिनेच केलं. घरामागच्या तुकड्यात तिने वांगी-मिरची-टमाट्याची रोपं लावून विकायला सुरुवात केली, आणि हळूहळू ती चांगली रोपवाटिका झाली. भोवतीच्या गावांतले लोक 'नंदाबाईची रोपं' मागून नेतात. सोयरीक-लग्नात बायका तिची ओळख करून देताना सांगतात, "तरणपणी एकटी राहिली, पण दुसरा विचार नाही केला, बाई. स्थळ आलं होतं, तिनंच नाही म्हटलं." जगाला मी सांगितलं होतं की तिने नकार दिला, आणि तिला सांगितलं होतं की त्यांनी दिला. दोन्ही खोट्या गोष्टी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, कारण नंदा असल्या कौतुकात उठून पाणी आणायला जायची. लोकांना वाटायचं विनय. मला माहीत होतं, तिला वाटतंय की लोक तिची लाज झाकतायत.

ती फुलपाखराची डाट शिकवताना मला आमचं घर दिसायचं. नवरा बिचारा मरून गेला होता, त्याने काही बसवलं नव्हतं. बसवली ती मी.

ही तुलना माझी मलाच आवडत नाही. पाखराला लाज नसते, आठवण नसते, नातेवाईक नसतात. त्याच्या पोटातल्या पिशव्यांवरून बाईने कसं जगावं हे कुणी ठरवू नये, ना एका बाजूने, ना दुसऱ्या. मी एवढंच म्हणतो, की मादीने काय करावं हे निसर्गाने ठरवून टाकलंय असं ज्याला वाटतं, त्याने निसर्ग उघडून पाहिलेला नसतो. आणि मी तर उघडून पाहिला होता. माझ्याकडे अज्ञानाचं निमित्तसुद्धा नव्हतं.

यंदा पोळ्याच्या सुमारास तिवस्याहून प्रभाकरराव आमच्या अमरावतीच्या घरी आले. संत्र्याची कलमं करतात. नंदाकडून रोपं नेतात, असा काही वर्षांचा परिचय. वय साठीकडे झुकलेलं, पत्नी गेलेली, मुलगा पुण्याला. चहा झाला, संत्र्याच्या गळतीचं बोलणं झालं, तरी उठेनात. शेवटी म्हणाले, "सर, एक विचारायचं होतं. तुमच्या बहिनीले मी थेट विचारू शकलो असतो. पण तुमी मोठे भाऊ, म्हनून पयले तुमाले." आणि कपातल्या उरलेल्या चहाकडे बघत राहिले.

पुन्हा एक माणूस आला होता, पुन्हा माझ्याच दारात. मी म्हटलं, "मी तिला विचारतो." या वेळी खरंच विचारलं, फोनवर.

नंदा हसली. "काय भाऊ, या वयात? प्रभाकरराव मानूस चांगला हाये. चार गोष्टी बोलतो, मलेही बरं वाटते. पण नाही."

"का?"

"एकडाव पातूरवाल्यानं पाहून सोडली ना मले. बावीस वर्साची होतो तं नापसंत. आता पन्नाशीले टेकल्यावर पुन्हा कोनाच्या तराजूत बसू? जाऊ दे. तूच नाही म्हनून सांगजो त्याईले."

तूच नाही म्हणून सांगजो. मी फोन ठेवला, पण प्रभाकररावांचा नंबर लावला नाही.

आठवडे गेले. सापळे लागले, फुलं गुलाबी झाली, वर्गातल्या मुलीने तिचा प्रश्न विचारला. त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी सांगितलं नव्हतं. ती भाजी निवडत होती. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्याकडे कुणी काही म्हटलं नसतं हो. बाबांची मावशी पाटाचीच होती. आम्ही तिच्याकडे उन्हाळ्यात जायचो राहायला." मग निवडलेली भाजी बाजूला सारून, "मला का सांगताय? नंदाताईंना सांगा."

रविवारी सकाळच्या बसने निघालो. मूर्तिजापूर, अकोला, मग बार्शीटाकळी. रस्त्याने दोन्ही बाजूंना कपाशी, मधूनमधून सापळ्यांच्या पिशव्या वाऱ्यात हलत होत्या. मनातल्या मनात मी वाक्यं जुळवत होतो. सगळी झाकलेली, परीक्षकासाठी लिहिल्यासारखी.

नंदा हिरव्या जाळीखाली बसून ट्रेमधून मिरचीची रोपं सुटी करत होती. "असा कसा आला भाऊ, न सांगता? वहिनी बरी हाये ना?"

मी तिच्यासमोर उलट्या पाटीवर बसलो आणि जुळवलेलं एकही वाक्य न वापरता सांगितलं. पातूरवाल्यांनी नकार दिला नव्हता. मी दिला होता. तुझ्या नावाने. आणि माझं लग्न मोडू नये म्हणून.

तिचे हात थांबले नाहीत. रोप उचलायचं, मुळाची माती दाबायची, बाजूला ठेवायचं. त्या रांगेतली सगळी रोपं झाल्यावर म्हणाली, "कसा होता थो?"

"कोण?"

"वसंता. मी पाहिलाच नाही त्याले. तू तं पाहिला."

मी आठवून सांगितलं. उंच होता. सदरा धुवट, बाह्या दुमडलेल्या. बोलताना मामाकडे बघायचा नाही, समोरच्याकडे बघायचा. हातावर कोथिंबिरीचा वास होता, पाणी देताना मला आला होता.

"अन् तू नाही म्हनल्यावर? काही बोलला?"

इथे मला परत झाकता आलं असतं. "म्हणाला, एकदा ताईलाच विचारून पाहता का. ती नाही म्हणाली तर मी उठतो."

नंदाचे हात तेव्हा थांबले. तिने पदराने तोंड पुसलं, घाम पुसावा तसं, आणि पदर तोंडावरच राहिला. जाळीतून येणारं हिरवं ऊन तिच्या केसांवर पडलं होतं. केस बरेच पांढरे झालेत, हे मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं.

पदर खाली घेऊन ती बोलली तेव्हा आवाज साधा होता. "मी आरशात पाहत जाओ, माईत हाये? वाटे, काय कमी हाये. नाक वाकडं हाये का. रंग. वर्सं पाहिलं मी थे."

मी म्हटलं, "नंदा, माझं..."

"माफी नको मागू. देता नाही येत मले आता, आज तं नाहीच. अन् तुह्या मनाले बरं वाटावं म्हनून मी काही म्हननार नाही."

"नको म्हणू."

"तुह्या त्या पाखराइच्या पोटात तुले सगळं दिसे," ती म्हणाली. "घरातलं मानूस नाही दिसलं." आणि मग, जणू रोपांचाच हिशेब पुढे चालू करावा तसं, "प्रभाकररावले काय सांगितलं तू?"

"अजून काही नाही. तू नाही म्हणालीस ते मी कळवलं नाही."

"बरं केलं. एवढं तरी बरं केलं."

ती उठली, हात धुतले, आत गेली. बाहेर आली तेव्हा तिने ठेवणीतलं लुगडं नव्हतं नेसलं, रोजचंच होतं, फक्त स्वच्छ. खांद्याला पिशवी. म्हणाली, "तिवस्याले जातो मी. अकोल्याहून गाडी भेटन."

"थांब, मीही येतो. मी बोलतो त्यांच्याशी."

"तू नको येऊ." ती पायरीवर थांबली. "बोलनं मीच करतो. हो म्हनायचं का नाही, थेही तिथी गेल्यावर ठरवीन. त्यानं मले काय विचारायचं होतं थे त्याच्याच तोंडून आयकू दे. तू अथीच राय. ऊन चढलं की रोपांले झारीनं पानी देजो. वरून हलकं. जोरानं टाकशीन तं मोडतात."

फाटक लावून ती रस्त्याला लागली. मागे वळून पाहिलं नाही. मी झारी शोधली, टाकीत बुडवली. आयुष्यात पहिल्यांदा नंदाचं बोलणं कुठेतरी चाललं होतं आणि त्यात माझा शब्द नव्हता.

दुपार कलेपर्यंत मी पाणी देत होतो. ती परतली तेव्हा रात्र बरीच झाली होती, रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड जाळीपर्यंत येत होता. तिने चपला काढल्या, रोपांवरून एक नजर फिरवली, दोन ट्रे सरळ केले. तिकडे काय झालं असेल ते तिच्या चेहऱ्यावर वाचायचा मी प्रयत्न करत होतो. मग तो सोडून दिला.

"जेवलीस?" एवढंच विचारलं.

"हाव. तिथीच जेवलो," ती म्हणाली, आणि दिवा लावायला आत गेली.